गव्हाण कुठंय?

मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलायचं मराठी. लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. पण हा विषय मी स्वतःच्या हातांनी केलाय (बोटांवर अजून फेव्हिक्विकचे पापुद्रे आहेत), म्हणून धाडस करतेय. चुका पोटात घाला.

आमचं घर दौंडला. बाबा रेल्वेत, त्यामुळे गाड्यांचा आवाज आला नाही तर आम्हाला झोप लागत नाही. लहानपणी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहिलं (ते १९९८ पासून सुरू आहे), आणि तेव्हापासून डोक्यात किडा होता. मागच्या वर्षी काकांनी परदेशातून ट्रेनसेट आणला आणि किडा वळवळायला लागला. आठ बाय चार फुटांची प्लायवूडची फळी, त्यावर रूळ, आणि कोपऱ्यात एक कारखाना, असा बेत ठरला. तयार कारखान्याचं किट महाग, आणि त्यावरचा कारखाना जर्मनीतला दिसतो. म्हणून ठरवलं, आपणच करायचा. माल पुठ्ठा, पत्रा आणि भंगार.

आधी थोडं गणित

माझा ट्रेनसेट एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो, सात फुटी दार २४ मिलिमीटरचं. इथपर्यंत सोपं. पण रुळांमधलं अंतर आहे १६.५ मिलिमीटर, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजवरून आलंय. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ यायला हवेत. म्हणजे माझ्या दौंडमधून धावणारी गाडी पहिल्या दिवसापासून पावणेतीन मिलिमीटरने खोटी आहे. ते मी गिळलं.

दुसरा धक्का लांबीचा. चोवीस डब्यांची गाडी साधारण ५७० मीटर. भागिले ८७ म्हणजे साडेसहा मीटर. आमची बैठकीची खोलीसुद्धा तेवढी नाही. आठ फुटी फळी खऱ्या जगातले जेमतेम २१२ मीटर दाखवते. तेव्हा सगळंच ८७ ने भागून चालत नाही. काही ठेवायचं, काही गाळायचं. मॉडेल बनवण्यातली खरी अक्कल इथेच लागते, आणि नेमकी तीच माझ्याकडे नव्हती.

पहिला कारखाना

दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर खपून मी पहिला कारखाना केला. करवतीच्या दातांसारखं छप्पर, ओळीने खिडक्या, एक चिमणी. पुस्तकात 'फॅक्टरी' म्हटलं की हेच चित्र असतं ना! तेव्हा आईचे आईवडील आमच्याकडे आले होते. त्यांचं गाव शिरूर तालुक्यातलं. आजोबांनी चष्मा पुसला, मॉडेलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ह्यो कसला कारखाना? ही तर सूतगिरणी झाली."

"का? कारखानाच आहे की."

"गव्हाण कुठंय? ऊस शिरनार कुठून?"

मला गव्हाण माहीत नव्हती. गाईगुरांना वैरण घालतात ती गव्हाण, आणि साखर कारखान्यात ऊस टाकतात तीही गव्हाण. कारखान्यालाही तोंड असतं, असा साधा हिशेब. करवती छपराचंही त्यांचं बरोबर होतं. ते छप्पर सूतगिरणीत शोभतं, कारण तिथे सुतावर लख्ख पण ऊन नसलेला उजेड लागतो. उसाला त्याची काय गरज?

शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर आजोबांच्या नावापुढे मी 'रिटायर्ड' लिहीत आले. ते कशातून रिटायर झाले हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं पॅनमन होते.

उसाच्या मागे मागे

पहिला कारखाना मी मोडला. आजोबा म्हणाले, "इमारत काढू नको. ऊस कुठनं कुठं जातो ते काढ, इमारत आपोआप येती." इंजिनिअरिंगच्या भाषेत हाच प्रोसेस फ्लो.

ऊस आधी वजनकाट्यावर जातो, मग गव्हाणीत, तिथून कापून-ठेचून मिलमध्ये. एकापुढे एक मिल, प्रत्येकीत तीन-तीन रोलर. रस एकीकडे, चिपाड म्हणजे बगॅस दुसरीकडे. बगॅस बॉयलरमध्ये जळतं आणि त्याच वाफेवर कारखाना चालतो, म्हणून बॉयलर आणि चिमणी मिलच्या जवळ हवी. मी ती गोदामाशेजारी ठेवली होती! रसात चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो साफ करतात, आटवतात आणि मग तो पॅनमध्ये चढतो. 'चढतो' हा शब्द महत्त्वाचा. पॅन सगळ्यात वरच्या मजल्यावर असतो.

का? दोन कारणं. एक, दाणेदार झालेला घट्ट माल पंपाने ढकलण्यापेक्षा स्वतःच्या वजनाने खाली सोडणं सोपं. पॅनखाली क्रिस्टलायझर, त्याखाली सेंट्रिफ्यूगल, त्याखाली साखर. दुसरं कारण मला आजोबांच्या एका वाक्यावरून सुचलं: "कंडेन्सर लई उंच असतोय." साखर करपू नये म्हणून पॅनमध्ये हवा काढून कमी तापमानाला उकळी आणतात. वाफ कंडेन्सरमध्ये पाण्याने थंड होते आणि ते पाणी उभ्या पाइपातून खाली पडतं. आता आठवा फ्लुइड मेकॅनिक्स: हवेचा दाब पाण्याचा साधारण १०.३ मीटरचा स्तंभ तोलून धरतो. कंडेन्सर त्याहून उंच नसेल तर पाणी उलटं पॅनमध्ये शिरेल. म्हणून तो अकराएक मीटर तरी वर. माझ्या मापात १२.६ सेंटिमीटर. परीक्षेत पाठ केलेला आकडा घराच्या फळीवर भिंतीची उंची ठरवत होता!

काय कशाचं केलं

भिंती माउंट बोर्डच्या. चिमणी २५ मिलिमीटरच्या वायरिंग पाइपची, म्हणजे खऱ्यात सव्वादोन मीटर जाड. खरी ४० मीटर धरली तर ४६ सेंटिमीटर होते, पण आखूड केलेल्या इमारतींशेजारी ती खांबासारखी दिसायला लागली, म्हणून ३४ वर कापली. मळीच्या टाक्या दूध पावडरच्या डब्यांच्या. उसाच्या मोळ्या केरसुणीच्या काड्यांच्या, २९ मिलिमीटरच्या. बगॅसचा ढीग सुताराकडचा भुसा. पॅन म्हणजे टेबल टेनिसचा चेंडू, खाली पुठ्ठ्याचा शंकू.

सगळ्यात छळलं छपराने. सिमेंटच्या पत्र्याच्या दोन लाटांमधलं अंतर १४६ मिलिमीटर, माझ्या मापात १.६८. बाजारातला नालीदार पुठ्ठा याच्या दुप्पट जाड दिसतो. मग वर्कशॉपमध्ये ट्यूब पेटली: एम-१२ बोल्टच्या आट्यांचा पिच १.७५ मिलिमीटर! जेवणाच्या पार्सलच्या डब्याचा ॲल्युमिनियम पत्रा रबरी मॅटवर ठेवला आणि त्यावरून बोल्ट दाबून लाटला, पोळीसारखा. झकास नाली उमटली, पण तिरकी. आटे सरळ नसतात, तीनएक अंशांनी कललेले असतात, ते मी विसरले. पत्रा तेवढाच तिरका कापला आणि प्रश्न मिटला.

गाळण्याचा नियम मी असा केला: दार, खिडकी, जिना, माणूस यांना हात लावायचा नाही, कारण डोळा माप त्यांच्यावरून घेतो. उंची शक्यतो राखायची. लांबी आणि संख्या कमी करायची. चार मिल असतील तर दोन, साठ मीटर गोदाम असेल तर पंचवीस. पण साखळीतला एकही टप्पा गाळायचा नाही. काटा गाळला तर शेतकऱ्याचं काय, असं आजोबा विचारतात.

शिरूरला रेल्वे

एक अडचण उरली. दौंड जुनं जंक्शन, मनमाडची लाइन १८७८ पासूनची. पण शिरूर गावाला रेल्वेच नाही. आजोबांच्या आठवणीत कारखान्याची साखर ट्रकने जायची. मग माझ्या कारखान्यात रूळ न्यायचे की नाही? गेजला फसवलं होतंच, आता भूगोलालाही फसवायचं? आजोबांना विचारलं. ते हसले. "ने की. फळीवर तरी शिरूरला गाडी येऊ दे."

वरच्या मजल्याची पुढची भिंत मी पारदर्शक शीटची केली आणि आत पिवळा एलईडी लावला. पॅनपुढे १९ मिलिमीटरचा एक माणूस, हातात काचेची पट्टी. पॅनमधला माल पट्टीवर घेऊन, उजेडाकडे धरून दाणा कसा बसतोय ते पॅनमन बघतो.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी दिवा लावला. आजी खुर्ची ओढून जवळ बसली. एकतीस वर्षं तिने कारखान्याच्या गेटपर्यंत डबा पोचवला होता. गेटच्या आत ती कधी गेली नव्हती. बराच वेळ बघून तिने आजोबांना विचारलं, "म्हंजे तुम्ही इतक्या वर उभं राहायचा व्हय? रातपाळीलासुदिक?"

"मग काय," आजोबा म्हणाले.

"आन् मी गेटातनं उगंच खाली बघायची."

तुमच्याही घरी कुणी गिरणीत, कारखान्यात, रेल्वेत काम केलेलं असेल. मॉडेल करायचं असेल तर आधी त्यांच्याशेजारी बसा, मग फेव्हिकॉलचं झाकण उघडा. नाहीतर माझ्यासारखी सूतगिरणी होईल.