हिरड्यांचे पहारेकरी

वय झाले म्हणजे दात हलणार आणि पडणार, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः प्रौढपणी दात गमावण्याचे एक मोठे कारण वार्धक्य नसून हिरड्यांचा व दाताभोवतालच्या हाडाचा विकार हे होय. लोकभाषेत त्यास पायोरिया म्हणतात. या विकारात दात स्वतः पुष्कळदा धडधाकट असतो. ज्या पायावर तो उभा असतो तो पायाच खचतो. आणि तो खचविण्यात केवळ जंतूंचाच नव्हे, तर शरीराच्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेचाही मोठा हात असतो.

शरीराला बाहेरून त्वचेचे व आतून श्लेष्मल आवरणाचे अखंड कवच आहे. दात मात्र हे कवच भेदून बाहेर आलेला असतो. त्यामुळे दात व हिरडी यांच्या सांध्यापाशी एक ते तीन मिलिमीटर खोलीची बारीक खाच राहते. तोंडातील असंख्य जंतूंना आत शिरण्यास याहून सोयीची जागा नाही. म्हणूनच येथील बंदोबस्तही कडक आहे. लाळेतील काही द्रव्ये जंतूंच्या भिंती फोडतात, तर प्रतिपिंडे त्यांना दातावर ठाण मांडू देत नाहीत. खाचेच्या तळाशी दाताला चिकटून असलेल्या पेशी भराभर झडून नव्या येतात आणि आपल्यासोबत जंतूंनाही बाहेर नेतात. परंतु खरा पहारा रक्तातील श्वेतपेशींचा. हिरडी पूर्ण निरोगी असतानाही या पेशी रक्तवाहिन्यांतून निघून अहोरात्र खाचेत उतरत असतात, जंतूंना गिळतात आणि तेथेच मरतात. एका दुर्मिळ आनुवंशिक विकारात श्वेतपेशींना रक्तवाहिनीबाहेर पडताच येत नाही. रक्तात त्यांची संख्या विपुल असूनही अशा मुलांचे दात कोवळ्या वयातच निखळू लागतात.

दातावरचा चिकट थर रोजच्या रोज निघाला नाही, तर काय होते? डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे हाराल्ड ल्योए व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग करून १९६५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात घासणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. घासणे पुन्हा सुरू करताच सुमारे आठवड्यात तो ओसरला. ही सूज म्हणजे पहारा वाढविल्याची खूण होय. येथवर सारे भरून येण्याजोगे असते.

थर तसाच राहिला तर मात्र लढाई लांबते. जंतूंना मारण्यासाठी श्वेतपेशींनी सोडलेली तीव्र द्रव्ये दाताला हाडाशी बांधणारे तंतूही विरघळवू लागतात. दाहाच्या संदेशांमुळे हाड झिजविणाऱ्या पेशी जाग्या होतात व जबड्याचे हाड हळूहळू मागे सरते. गेलेले हाड आपोआप परत येत नाही.

ही लढाई सर्वांच्या तोंडात सारखी होत नाही. ल्योए यांनीच श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० मजुरांची १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी केली. ब्रश किंवा दंतोपचार यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला आले नव्हते व साऱ्यांच्या दातांवर थर साचलेले होते. तरीही सुमारे आठ टक्के मजुरांत विकार वेगाने बळावला, एक्याऐंशी टक्क्यांत मध्यम गतीने, आणि अकरा टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. अस्वच्छता तीच, फरक होता तो मुख्यतः शरीराच्या प्रतिसादात. आपण त्या अकरा टक्क्यांपैकीच आहोत, असे मानण्याचा मोह अर्थात प्रत्येकाला होतो.

तंबाखू हा पहारा दुबळा करते. धूम्रपानाने हिरडीतील रक्तस्राव कमी होतो. म्हणजे विकार आत वाढत असूनही धोक्याची सूचना मिळत नाही. आपल्या ग्रामीण भागात अनेक स्त्रिया मशेरीने दात घासतात. दात स्वच्छ झाल्यासारखे वाटले, तरी ती भाजलेली तंबाखूच असते आणि ती थेट हिरडीवर चोळली जाते. शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी हा विषय गावात काढावयास हवा. भिडेपोटी तो टाळला जातो.

हिरडीतून रक्त येते म्हणून पुष्कळ जण त्या जागी घासणेच बंद करतात. हे उलटे होय. मऊ ब्रशने तो भाग हलक्या हाताने अधिक निगुतीने घासला पाहिजे. एकदोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, पू दिसला अथवा दात हलू लागला, तर जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या दंतवैद्याकडे जावे. कडक झालेले किटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्यानेच काढावे लागते. किटण काढल्याने दात सैल होतात, ही समजूत निराधार आहे. सूज उतरल्यामुळे व फटीत भरलेले किटण निघाल्यामुळे आधीच पडलेली जागा दिसू लागते, इतकेच.

मधुमेहींनी तर विशेष जपावे. रक्तातील साखर वाढलेली असता श्वेतपेशींचे काम बिघडते व दाह लांबतो. उलटपक्षी हिरड्यांचा दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर रीतसर उपचार केल्यावर अशा रुग्णांची साखर काही अंशी उतरते, असेही आढळून आले आहे.