स्वस्त हॉटेल आणि आमचा शब्बाथ

सुट्टी लागली की नातवंडांना पाळण्यांची बाग हवी असते आणि मोठ्यांना खिशाला परवडणारी खोली. आमच्या पोरिरुआत तसली बाग नाही. ती आहे ऑकलंडच्या मनुकाऊ भागात, 'रेनबोज एंड', १९८२ साली सुरू झालेली. इथून सुमारे सहाशे किलोमीटर. तौपोच्या सरोवरावरून मोटारीने जाताना अख्खा दिवस मोडतो, म्हणून मुक्काम आलाच.

जानेवारीत इस्रायलहून आमच्या वन्सं मुलानातवंडांसह आल्या, तेव्हा आम्ही नऊ जण निघालो. बागेत मुलांनी मनसोक्त मजा केली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिथल्या एका स्वस्त हॉटेलची. त्याचं नाव इथे देत नाही. जाहिरातीत होतं, 'कुटुंबासाठी शेजारशेजारच्या खोल्या, प्रत्येक खोलीत फ्रिज'. प्रत्यक्षात एक खोली पहिल्या मजल्यावर, दुसरी तिसऱ्यावर, लिफ्ट बंद, चादरींना कुबट वास आणि फ्रिजचा पत्ताच नाही!

वन्संना मधुमेह. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ते आम्ही काउंटरवर दिलं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका असं दोनदा बजावलं. "काळजी नको," म्हणाले.

त्या दिवशी शुक्रवार. जानेवारीत तिकडे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि हॉटेलचं जेवणघर आठलाच बंद. खोलीत मेणबत्ती लावायला बंदी. आगीची भीती, ते आम्हाला पटलं. विजेच्या छोट्या दिव्यांवर भागवलं. वन्सं तीन जिने धापा टाकत चढल्या. पलंगावर टॉवेल अंथरून मनुकांच्या सरबतावर किद्दुश केला, घरून आणलेल्या चपात्या खाल्ल्या. मुलं मात्र खूश होती.

शनिवारी सकाळी इन्सुलिन मागितलं तर दगड होऊन आलं! गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी वापरायचं नसतं. नर्सिंगमध्ये जन्म गेलेल्या आम्हाला हे कोणी सांगायला नको. वन्संच्या हातातलं पेन संपत आलेलं. जीव वाचवायचा तर शब्बाथ बाजूला ठेवता येतो, ही आपली शिकवण. मोटार काढली, दवाखाना गाठला, डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, औषध विकत आणलं. पैसे गेले, पण वन्सं सुखरूप राहिल्या.

घरी परतल्यावर आम्ही गप्प बसलो नाही. जाहिरातीचा कागद आणि औषधाची पावती जोडून हॉटेलला पत्र लिहिलं. इथल्या १९९३ च्या ग्राहक हमी कायद्याप्रमाणे सेवा नीट काळजी घेऊन द्यावी लागते, आणि १९८६ च्या फेअर ट्रेडिंग कायद्याने दिशाभूल करणारी जाहिरात चालत नाही. ऐकलं नाही तर डिस्प्यूट्स ट्रायब्युनल आहे, तिथे वकील लागत नाही. तिथवर जावं लागलं नाही. एका रात्रीचं भाडं आणि औषधाचे पैसे परत मिळाले.

न्यूझीलंडला येणाऱ्या आपल्या मंडळींना एवढंच सांगणं. इथल्या बऱ्याच मोटेलांत खोलीतच छोटं स्वयंपाकघर आणि फ्रिज असतो. चार पैसे जास्त पडतील, पण कोशर जेवण, औषध आणि शब्बाथ, तिन्ही सांभाळता येतात. औषधाची थंड पिशवी आपलीच बरोबर ठेवा. ती दुसऱ्याच्या हाती देऊ नका, त्याने कितीही गोड हसून मागितली तरी!