चार तारांचे सॉकेट काढून सात तारांचे बसविताना

कोकणातल्या कितीतरी घरांतून एक तरी माणूस आखातात आहे, आणि त्यांत गॅरेजमध्ये वायरिंगचे काम करणारे कारागीरही आहेत. तिकडे किनाऱ्यावरच्या शहरांत हौसेची बोट ट्रेलरवर चढवायची आणि गाडीमागे ओढत समुद्रावर न्यायची रीत आहे. गाडी पुष्कळदा अमेरिकन पिकअप असते आणि बोटीबरोबर आलेला ट्रेलरही अमेरिकन पद्धतीचा. गिऱ्हाईक येऊन सांगतो, “गाडीला चार तारांचे सॉकेट आहे, नव्या ट्रेलरचा प्लग सात तारांचा आहे. बदलून दे.” काम दिसायला अर्ध्या तासाचे. परंतु हेच काम नीट न समजता केले तर बोट उतरविण्याच्या जागी गिऱ्हाईकाची फजिती होते आणि गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी राहते. मजुरी एकदाच मिळते, मेहनत दोनदा होते.

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याने वायरिंगवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण माल पारखून घेणे, नंबर वाचणे आणि धागा कुठे कच्चा आहे ते ओळखणे हे दोन्ही धंद्यांत सारखेच आहे, हे पुढे दिसेलच.

प्रथम चार तारांचा हिशोब पाहू. अमेरिकन पद्धतीत चपट्या चार पिनांच्या प्लगमध्ये पांढरी तार अर्थची, तपकिरी मागच्या पार्किंग दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूची आणि हिरवी उजव्या बाजूची असते. ब्रेक आणि इंडिकेटर यांना वेगळ्या तारा नाहीत. एकच लाल दिवा ब्रेक दाबला की पेटून राहतो आणि इंडिकेटर दिला की लुकलुकतो. हलक्या ट्रेलरला एवढे पुरते, कारण त्याला फक्त दिवेच हवे असतात. सात तारांच्या गोल सॉकेटमध्ये या चारांखेरीज तीन तारा जास्त येतात : एक बॅटरीचा प्लस, एक विजेवर चालणाऱ्या ब्रेकची आणि एक रिव्हर्स दिव्याची. रिव्हर्सची जागा बरोबर मध्यभागी असते.

बोटवाल्याला खरी गरज या मधल्या पिनेची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा कोरडी राहते. कारण समजून घेण्यासाठी बोटीच्या ट्रेलरचा ब्रेक कसा चालतो ते पाहावे लागेल.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंच्या वर वजन गेले की ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावा लागतो. बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडतो, म्हणून त्याला विजेचा ब्रेक सहसा लावत नाहीत. हायड्रॉलिक ब्रेक लावतात, आणि तो चालविण्याची युक्ती ट्रेलरच्या तोंडाशी, जिथे तो गाडीच्या गोळ्यावर बसतो त्या कपलरमध्ये असते. गाडीने ब्रेक मारला की मागचा ट्रेलर वजनाने पुढे ढकलला जातो, कपलर आत दबतो, त्यातला दट्ट्या तेल दाबतो आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. ना ड्रायव्हरने काही करावे लागते, ना तारेचा संबंध. रचना साधी आणि हुशारीची आहे.

पण गाडी मागे घेऊ लागलो की हीच हुशारी आडवी येते. गाडी ट्रेलरला मागे ढकलते, कपलर तसाच दबतो आणि ट्रेलरला वाटते की ब्रेक मारला. चढावर, मऊ वाळूत किंवा अंगणात मागे घेताना चाके जाम होतात. ड्रम ब्रेकच्या काही ट्रेलरांत मागे जाताना पकड आपोआप सैल पडेल अशी सोय असते. डिस्क ब्रेकमध्ये ती नसते. म्हणून तेलाच्या वाटेवर विजेची एक झडप बसवितात. गाडी रिव्हर्समध्ये पडली की रिव्हर्स दिव्याचा करंट त्या झडपेला जातो, तेलाची वाट बंद होते आणि चाके मोकळी राहतात. त्यासाठीच बोटीच्या ट्रेलरांना पुष्कळदा पाच तारांचा चपटा प्लग असतो, त्यातली निळी तार या झडपेची. मधली पिन कोरडी राहिली तर झडपेला करंट मिळणार नाही. दिवे सगळे लागतील, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जाईल, आणि समुद्रावर पोहोचल्यावर गाडी मागे सरकणार नाही.

पिन कोरडी का राहते? बाजारात चार तारांच्या सॉकेटमध्ये खुपसायचा आणि पुढे सात तारांचे तोंड देणारा तयार अडॅप्टर मिळतो. घाई असली की तोच बसविला जातो. पण एका तोंडातून चारच तारा आत गेल्या तर दुसऱ्या तोंडातून सात कशा निघतील? चांगल्या अडॅप्टरला म्हणूनच तीन सुट्या तारा लोंबत ठेवलेल्या असतात, त्या गाडीतून स्वतंत्र आणून जोडायच्या असतात. ज्याला अशा सुट्या तारा नाहीत, त्याचे सात हे नावापुरते सात.

रिव्हर्सची तार गाडीच्या रिव्हर्स दिव्याकडून घेतात. जुन्या गाडीत ती थेट जोडली तरी चालते. आजच्या गाडीत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते, नेहमीपेक्षा जास्त करंट ओढला गेला की तो दिवाच बंद करतो. अशा वेळी मध्ये रिले घालावा : रिव्हर्स दिव्याच्या तारेने फक्त रिले उठवायचा, आणि झडपेचा करंट फ्यूज घालून बॅटरीकडून द्यायचा. अर्थात तार कापण्यापूर्वी गाडीच्या मागच्या बंपरखाली नजर टाकावी. ओढण्याच्या सोयीसह घेतलेल्या अमेरिकन पिकअपला कंपनीचे सात तारांचे सॉकेट किंवा त्याचे जोड पुष्कळदा आधीच दिलेले असतात. मग नवे वायरिंग करण्याचे कारणच उरत नाही, आणि गिऱ्हाईकाला तसे सांगणारा कारागीर पुढची दहा कामे कमावतो.

आता बॅटरीच्या तारेकडे येऊ. इथे आपल्याकडून गेलेल्या माणसाची एक खास चूक होऊ शकते. आपल्या बाजारात वायर चौरस मिलिमीटरवर विकतात : १.५, २.५, ४, ६. आकडा वाढला की वायर जाड. अमेरिकन गेजमध्ये उलटे आहे. आकडा वाढला की वायर बारीक. १० नंबरची वायर ५.२६ चौरस मिलिमीटरची, १६ नंबरची अवघी १.३१ ची. कापडवाल्याला हे चटकन उमगते, कारण सुताचेही तसेच आहे : २० नंबरचे सूत जाड, ६० नंबरचे बारीक. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. तारेच्या नंबराचे मूळ तार साच्यातून किती वेळा ओढून बारीक केली, यात आहे. हिशोब लक्षात ठेवायला सोपा : तीन नंबर वाढले की तांबे निम्मे, सहा वाढले की चौथाई.

हे का महत्त्वाचे, ते आकड्यांतच पाहा. बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत ६ मीटर वायर धरली आणि तिच्यातून २० अँपिअर गेले, तर १० नंबरच्या वायरीत सुमारे ०.४ व्होल्ट खर्च होतात. १६ नंबरच्या वायरीत तेच सुमारे १.६ व्होल्ट. म्हणजे १२ मधले १०.४ उरले, आणि परतीच्या अर्थमध्ये जाईल ते वेगळेच. शिवाय एवढ्या करंटला ती बारीक वायर तापते. म्हणून बॅटरीचा प्लस आणि अर्थ या दोन्हींना १० नंबर, ब्रेकच्या तारेला १२, दिव्यांना १४ किंवा १६, हा रास्त मेळ आहे. अर्थची तार बारीक ठेवून काटकसर करणारे पुष्कळ आहेत. सहा तारांतून गेलेला करंट त्याच एका तारेने परततो, हे ते विसरतात. बॅटरीच्या प्लसला फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. मागे सॉकेटजवळ घातलेला फ्यूज मधल्या सहा मीटर वायरीचे रक्षण करीत नाही. ३० अँपिअरचा फ्यूज साधारणपणे घालतात. बोट ओढून घेणारी विजेची विंच मात्र या पिनेवर चालवू नये. तिची भूक कितीतरी मोठी असते. तिला बॅटरीकडून वेगळी जाड केबल द्यावी.

निळी तार, म्हणजे विजेच्या ब्रेकची, ती केवळ सॉकेटपर्यंत आणून भागत नाही. तिच्या पुढच्या टोकाला ड्रायव्हरजवळ ब्रेक कंट्रोलर लागतो. ट्रेलरचा ब्रेक कपलरवर चालणारा असेल तर कंट्रोलर घेण्याची गरज नाही. निळ्या तारेचे टोक बंद करून ठेवावे आणि गिऱ्हाईकाला तसे सांगून टाकावे.

रंगांवर विसंबणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. चपट्या प्लगमध्ये तपकिरी तार पार्किंगची आणि हिरवी उजव्या बाजूची. पण अमेरिकेत घरासारख्या मोठ्या ट्रेलरांची जी रंगपद्धत आहे, तिच्यात हिरवी पार्किंगची, तपकिरी उजवीची, लाल डावीची आणि पिवळी रिव्हर्सची. दोन्ही पद्धतींचे सात तारांचे प्लग एकमेकांत बिनतक्रार बसतात, कारण पिनांच्या जागा त्याच आहेत. केवळ मागच्या वायरींचे रंग निराळे. रंगाला रंग जोडणाऱ्याकडे डावीचा इंडिकेटर देताच ट्रेलरची रिव्हर्स झडप टकटक करू लागते. म्हणून टेस्ट लॅम्प हातात घ्यावा, एकेक पिन तपासावी आणि चिकटपट्टीवर नाव लिहावे. मीटरपेक्षा बल्बचा टेस्ट लॅम्प बरा. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवितो. बल्ब मात्र मंद पेटून खरे सांगतो.

गाडी जपानी असेल तर आणखी एक पेच आहे. आखातातल्या लँड क्रूझर किंवा पॅट्रोलला इंडिकेटर पिवळे आणि ब्रेक दिवे लाल, असे वेगळे असतात. ट्रेलरला दोन्ही काम एकाच दिव्याने करायचे आहे. अशा गाडीला मध्ये कन्व्हर्टरचा डबा लागतो, आणि तो बॅटरीकडून स्वतंत्र करंट घेणारा असावा, म्हणजे गाडीच्या तारांवर ओझे पडत नाही. युरोपातही सात पिनांचा गोल प्लग आहे, पण त्याच्या पिना गोल आणि जोडणी निराळी. अमेरिकन सॉकेटच्या पिना चपट्या पात्यांच्या. सात ऐकून ऑर्डर देऊ नये, प्लग डोळ्यांनी पाहावा.

ट्रेलरचे दिवे बिघडले की कारागीर बल्ब बदलत बसतो. अपराधी बहुधा अर्थ असतो. काही जण अर्थची तारच घालत नाहीत. गाडीचा गोळा आणि कपलर लोखंडाला लोखंड लागलेच आहे, करंट परत येईल, असा त्यांचा विचार. तिथे ग्रीस असते, गंज असतो, खड्ड्यात क्षणभर सांधाही सुटतो. अर्थ तुटला की करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. डावा इंडिकेटर दिला आणि दोन्ही बाजूंचे दिवे मंद मंद लुकलुकू लागले, तर समजावे की बल्ब ठीक आहेत, अर्थ गेला आहे.

आणि खारे पाणी. बोटीचा ट्रेलर मागून दरवेळी समुद्रात जातो. तार कापून जोड दिला आणि वर टेप गुंडाळली तर पाणी आत शिरणारच, आणि शिरून तिथेच थांबणार नाही. कापडाची किनार पाण्यात बुडाली की ओल सुतासुताने वर चढते, तशी ती तांब्याच्या बारीक धाग्यांमधून प्लॅस्टिकच्या आत वर चढत जाते. वरून वायर नवी दिसते, सोलली की हातभर तांबे हिरवे-काळे पडलेले. म्हणून कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्यावी, जोड नीट दाबून द्यावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम करून आवळणारी नळी चढवावी. वायर न सोलता तिच्यात पाते घुसवून जोडणाऱ्या क्लिपा समुद्रकाठी वापरूच नयेत; त्या पाण्याला स्वतःहून दार उघडून देतात. सॉकेटच्या पिनांना विजेचे खास ग्रीस लावावे आणि झाकण खालच्या बाजूने पाणी निथळेल असे बसवावे.

जुने लोक ट्रेलर पाण्यात घालण्याआधी प्लग काढायला सांगत, कारण तापलेला काचेचा बल्ब थंड पाण्यात फुटतो. एलईडीच्या बंद दिव्यांत ती भीती राहिलेली नाही. पण प्लग काढला की रिव्हर्सच्या झडपेचा करंटही गेला, हे ध्यानात असू द्यावे. उतारावरून खाली जाताना अडचण येत नाही, कारण ट्रेलर आपल्या वजनाने गाडीपासून ओढला जातो आणि कपलर दबत नाही. सपाटीवर किंवा वाळूत मागे ढकलायचे असेल तेव्हा मात्र प्लग लावलेला हवा.

काम झाल्यावर ट्रेलर जोडून, एका माणसाला मागे उभे करून पार्किंग, दोन्ही इंडिकेटर आणि ब्रेक पाहावेतच. पार्किंग चालू ठेवून ब्रेक आणि इंडिकेटर एकत्रही देऊन पाहावे, कारण अर्थची खराबी ओझे वाढल्यावरच दिसते. शेवटी इग्निशन देऊन, इंजिन बंद ठेवून गाडी रिव्हर्समध्ये टाकावी आणि ट्रेलरच्या झडपेजवळ कान द्यावा. ‘टक्’ असा आवाज आला तर मधली पिन जिवंत आहे. मग गिऱ्हाईकाला गाडीत बसवून ट्रेलर गॅरेजच्या अंगणात दहा पावले मागे घ्यायला लावावा, आणि पैसे त्यानंतर घ्यावेत.