सुरीची शेंबी

सुरी घेताना आपण पाते पाहतो, धार अंगठ्यावर आडवी फिरवतो, फार तर मुठीच्या लाकडाचा रंग न्याहाळतो. पाते संपते आणि मूठ सुरू होते तेथे बसवलेला बोटभर धातूचा तुकडा मात्र सहसा कोणी पाहत नाही. काठीच्या टोकाला असते तिला आपण शेंबी म्हणतो. सुरीच्या या तुकड्यालाही आमच्या घरात शेंबीच म्हणत आले आहेत. विलायती सुऱ्यांच्या व्यापारात त्याचे नाव बोल्स्टर. सुरी पाच वर्षांत खिळखिळी होणार की तीन पिढ्या चालणार, हे पुष्कळदा या तुकड्यावरच ठरते.

१९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकामुळे कट्यार घरोघर पोचली खरी, पण खऱ्या कट्यारीला शेंबी नसतेच. पात्याच्या बुडाशी दोन पोलादी दांड्या आणि त्यांच्यामध्ये आडवी मूठ. तलवारीचे पाते मुठीत लाख ओतून पक्के करीत, आणि लाख तापवली की परज सुटून हातात येई. शेंबीची परंपरा पाहायची ती कारद आणि पेशकब्ज या इराणी घडणीच्या सुऱ्यांत. पात्याचीच पट्टी मुठीतून मागे जाते, तिच्या दोन अंगांना हस्तिदंताच्या किंवा शिंगाच्या चिपा, आणि त्यांच्यापुढे पोलादी शेंबी, तिच्यावर कधी सोन्याची कोफ्तगिरी. आजच्या चांगल्या सुरीची रचना याहून फार वेगळी नाही.

आमच्या आजीची सुरी याच बांधणीची. पाते सहा इंची, मूठ शिसवीची, शेंबी पितळेची. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, पागेच्या भिंतीतल्या कोनाड्यात ती वर्षानुवर्षे असे. घोडे गेले तरी कोनाडा सुटला नाही. गेल्या पावसाळ्यात ताईच्या लक्षात आले की शेंबीला उभी चीर गेली आहे. चीर बारीक, केसाएवढी, पण मूठ आवळून धरली की उघडते. ताईचे म्हणणे, ‘अरे, आजीचा हात लागलेली वस्तू आहे, तशीच देवघरात ठेव.’ पुण्याच्या धाकट्या भावाचे म्हणणे, सुरी कापायची असते, नवी शेंबी घाल. घरात यावरून दोन महिने बोलणी चालली होती. शेवटी सुरी कापडात गुंडाळून मी बाजव्याला गेलो.

बडोद्याहून आणंदच्या बाजूला निघालेली लोकल बाजव्याला थांबते. साठीच्या दशकात कोयलीची रिफायनरी आणि शेजारी खताचा मोठा कारखाना उभा राहिला तेव्हापासून या गावाचा तोंडवळा बदलला. स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर एक निवृत्त फिटर मिस्त्री घराच्या मागच्या पडवीत सुऱ्या करून देतात. दुकान नाही, पाटी नाही. एक व्हाइस, एक ड्रिल मशीन, कानशींचा फळा. हात पहिल्यांदा गरम झाला तो कच्छात, अंजारला, मामाच्या भट्टीवर. अंजारच्या सुऱ्या आणि सुड्या गुजराती घरांत पिढ्यानपिढ्या नावाजलेल्या आहेत. १९५६ आणि २००१ असे दोन भूकंप त्या गावाने सोसले आणि तरी हा धंदा तेथे टिकून आहे.

मिस्त्रींनी चीर भिंगातून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की सुरी तबेल्याजवळ होती काय? मी चकितच झालो. मग त्यांनी सांगितले ते मी पुढे पुस्तकांत ताडून पाहिले, आणि ते अक्षरशः खरे निघाले. इंग्रजांच्या फौजेत पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, आणि पाऊस सरल्यावर पाहावे तो पुष्कळांना चिरा गेलेल्या. कारण कळले ते १९२१ साली. घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो. पितळ थंडपणी ठोकून किंवा ओढून घडवलेले असेल तर त्याच्या अंगात ताण कोंडलेला असतो, आणि ताण व अमोनिया एकत्र आले की धातू फाटतो. मिस्त्रींना हे काडतुसांमुळे ठाऊक नव्हते. उभी नोकरी त्यांनी एका कारखान्यात नळ जोडण्यात घालवली, आणि अमोनियाच्या नळीवर पितळेची चावी बसवायची नाही हा तेथला पहिला धडा. आमची चीर पागेमुळेच गेली असे शपथेवर कोण सांगणार? पण आजीच्या शेंबीवर हातोडीचे बारीक वळ स्पष्ट होते, आणि कोनाडा पागेचा होता.

आता नवी शेंबी कशाची करावी? तांबे मऊ, दोन वर्षांत कोपरे झिजतात. चांदी देखणी, पण कांदा आणि अंडे तिला काळवंडून टाकतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते, ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. झळाळी टिकते, मात्र निकेलने कातडीला खाज सुटणाऱ्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. स्टेनलेस पोलाद सर्वांत बिनतक्रार. माझ्या मते ज्या घरात सुरी धुऊन तशीच ओली टाकली जाते तेथे पाते आणि शेंबी दोन्ही स्टेनलेसचीच हवीत. पितळ आणि साधे पोलाद एकमेकांना चिकटून ओले राहिले, त्यात मीठ असले, की गंज पोलादालाच धरतो, आणि तोही सांध्याच्या आत, डोळ्यांना न दिसणारा.

तरी आम्ही पितळच घेतले. पितळ पोलादापेक्षा थोडे जड. त्यामुळे सुरीचा तोल बरोबर पहिल्या बोटापाशी येतो आणि मनगट शिणत नाही. मिस्त्रींनी तुकडे कापल्यावर तीनशे अंशांच्या आसपास तासभर तापवून निवू दिले, म्हणजे कोंडलेला ताण निघून जातो. शेंबीची पुढची कड त्यांनी बसवण्याआधीच घासून चकचकीत केली, कारण नंतर तेथे कानस लावली तर पात्यावर ओरखडे उठतात. भोकांची तोंडे किंचित रुंद, खिळे त्याच पितळेचे. खिळा ठोकला की तो तोंडात पसरतो, आणि घासल्यावर कोठे होता ते दिसत नाही.

एका गोष्टीवर ते अडून बसले. शेंबी धारेपर्यंत खाली आणायची नाही, बोटभर अलीकडे थांबवायची. शेफील्ड आणि सोलिंगेनच्या कित्येक भारी सुऱ्यांत ती टाचेपर्यंत उतरलेली असते. दिसायला भरदार, पण दगडावर टाच टेकत नाही. वर्षानुवर्षे धार लावून पाते झिजते, टाच तेवढीच राहते, आणि मध्ये पोकळी पडून कोथिंबीर अर्धवट कापली जाते.

लाकूडही त्यांनी लगेच लावले नाही. वैशाखात लाकूड आकसते, आषाढात फुगते, धातू मात्र हवेतल्या ओलीने हलत नाही. उन्हाळ्यात दोन्ही समपातळीत घासले तर पावसाळ्यात लाकूड शेंबीच्या वर येते आणि नखाला पायरी लागते. म्हणून जुनी शिसवी मूठच जपून उतरवली, आणि काम मार्गशीर्षात पुरे झाले.

जपणूक फार नाही. सुरी भिजत ठेवायची नाही, धुतल्याबरोबर पुसायची, सांध्याशी कापड जरा दाबून. पितळ चिंचेने उजळते हे आपल्या बायकांना सांगायला नको, पण चिंचेचे पाणी सांध्यात शिरता कामा नये. बोटाला कापड गुंडाळून कोरडेच घासावे, आणि अमोनिया घातलेले पॉलिश दूर ठेवावे. मोहरीचे तेल चिकट होऊन बसते. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन बरे, ते पोटात गेले तरी बाधत नाही. आणि खंडेनवमीला हळदीकुंकू वाहाल ते पात्याच्या सपाटीवर वाहा. ओले कुंकू शेंबीच्या फटीत दसऱ्यापर्यंत राहिले की गंजाला आमंत्रणच.

चिरलेल्या शेंबीचे दोन तुकडे मिस्त्रींनी कागदात बांधून परत दिले. ते ताईने मागून घेतले. आजीच्या कुंकवाच्या करंड्यात आहेत. सुरी माझ्याकडे असते, आणि रविवारी भाजी तीच चिरते. धाकटा पुण्याहून तशीच एक करून मागतो आहे, पण मिस्त्रींच्या हाती आधीची चार कामे आहेत, त्यामुळे होळीपूर्वी त्यांचा हात मोकळा होण्याचे लक्षण नाही.