गुलशनाबादचे गुलाब आणि युरिया
मोगल काळात आपल्या नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. आज जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब फुलतात. घरच्या कुंडीत मात्र नुसती पानेच का? बहुधा युरियामुळे. त्यात ४६ टक्के नत्र असते. नत्राने पाने माजतात, कळ्या मागे पडतात. जास्त झाले की मुळे जळून रोपच जाते. त्याऐवजी छाटणीनंतर कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. पेंड सावकाश लागू पडते, मुळांवरच्या सूत्रकृमींनाही आवरते. समुद्री शेवाळाचा अर्क म्हणजे खत नव्हे. त्यातली संजीवके फुटव्याला मदत करतात, पण बाटलीवरच्या मात्रेतच. चहाचा चोथा घालायचा तर आधी साखर धुऊन काढा, भगिनींनो, नाहीतर मुंग्या आल्याच! आणि कोरड्या मातीत कोणतेही खत नको; आधी पाणी.