फुकट वाचायला मिळतं, म्हणजे बोगस?

‘ओपन ॲक्सेसला दिला पेपर? म्हणजे पैसे भरून छापून आणला की!’ सोलापुरातल्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य इतक्या सहज कानावर येतं, की आता कुणी त्यावर वादही घालत नाही. समोर पीएचडीचा विद्यार्थी असेल तर तो बिचारा ओशाळून गप्प बसतो. बोलणारे सर किंवा मॅडम प्रमोशनच्या फायली तपासून वैतागलेले असतात, त्यामुळे त्यांचा राग समजतो. पण तो निघतो भलत्यावरच.

ओपन ॲक्सेसची कल्पना २००२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात स्पष्टपणे मांडली गेली. शोधनिबंध इंटरनेटवर कुणालाही पैसे न मोजता वाचता यावा, उतरवून घेता यावा, वाटता यावा, एवढीच ती मागणी. परीक्षण सैल करा, असं त्यात कुठेही नाही. जाहीरनाम्याचा रोख मुख्यतः तज्ज्ञांनी तपासलेल्या निबंधांवरच आहे. म्हणजे वाचकाकडून पैसे घ्यायचे की नाही, हा एक प्रश्न. निबंध छापण्याआधी कुणी जाणकाराने तपासला का, हा अगदी वेगळा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट पडत नाही, म्हणून ड्रायव्हरचं लायसन्स खोटं ठरत नाही.

‘पण लेखकाकडून पैसे घेतातच ना?’ काही जर्नल्स घेतात, सगळी नाही. ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ ही छाननी करून बनवलेली जागतिक सूची आहे. तिच्यात वीस हजारांहून अधिक जर्नल्स आहेत आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लेखकाकडून छदामही घेत नाहीत. त्यांचा खर्च विद्यापीठं, विज्ञान संस्था, सरकारं उचलतात. फार लांब जायला नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ इंटरनेटवर सर्वांना खुलं झालं, तेव्हा लेखकाला बिल न पाठवताच झालं. डॉ. देवकुमार साहू यांनी मुंबईतच उभ्या केलेल्या ‘मेडनो’ने हीच पद्धत भारतातल्या कितीतरी वैद्यकीय जर्नल्सना लावून दिली: छापील अंकाला वर्गणी, इंटरनेटवर मोफत, लेखकाला शुल्क नाही. पुढे २०११ मध्ये ‘वोल्टर्स क्लुवर’ या बड्या परदेशी प्रकाशकाने मेडनो विकत घेतलं. बोगस धंदा असता तर घेतलं असतं का? बंगळुरूचं ‘करंट सायन्स’ही कुणालाही उघडून वाचता येतं, आणि त्यात निबंध छापून आला की हेच सर पेढे मागतात.

शिवाय पैसे घेतले म्हणजे माल नकली, हेही खरं नाही. ‘नेचर’ने खुल्या निबंधासाठी जाहीर केलेलं शुल्क होतं ९,५०० युरो. ही रक्कम अवाच्या सवा आहे, तिच्यावर रागवायचं तर जरूर रागवा. पण ‘नेचर’ काहीही छापतं, असं कुणी म्हणणार नाही.

मग हा संशय आला कुठून? त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. यूजीसीने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे गुण आणले आणि निबंधांची मोजदाद सुरू झाली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची अट होतीच. मागणी एवढी वाढल्यावर दुकानं निघणारच होती. मराठी साहित्यापासून रसायनशास्त्रापर्यंत सगळं एकाच अंकात, नावात ‘इंटरनॅशनल’ हमखास, आणि परीक्षण म्हणजे पैसे जमा झाल्याची पावती. शेन आणि ब्यॉर्क या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘बीएमसी मेडिसिन’मध्ये अंदाज मांडला, की २०१४ या एका वर्षात अशा लुटारू जर्नल्समध्ये ४ लाख २० हजार निबंध छापले गेले. त्यांच्या नमुन्यातले सुमारे ३५ टक्के लेखक भारतातले होते. हा निबंध स्वतः ओपन ॲक्सेस आहे. शंका असेल त्याने आजच काढून वाचावा.

यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी केली, तर तिच्यातच कचरा शिरला. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली १,००९ जर्नल्स तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. हा अभ्यास २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. पुढच्या वर्षी पुणे विद्यापीठाच्या मदतीने ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ला तर अमेरिकी न्यायालयाने २०१९ मध्ये लेखकांची फसवणूक केल्याबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली.

एवढं पाहिल्यावर कुणीही बिचकेल. पण भामट्याने पोलिसाचा गणवेश घातला म्हणून पोलीस खातं भामटं ठरवायचं का? वर्गणीची जर्नल्स तरी कुठे सोवळी आहेत? लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा वेकफिल्डचा निबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला आणि मागे घेतला थेट २०१० मध्ये. कोविडच्या काळात सर्जिस्फिअर कंपनीच्या संशयास्पद आकडेवारीवरचे निबंध ‘लॅन्सेट’ आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या दोघांनाही मागे घ्यावे लागले. उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी वकिली करतोय असं वाटेल: ‘हिंदावी’ या ओपन ॲक्सेस प्रकाशनाला २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. लेखकाच्या शुल्कावर चालणाऱ्या प्रकाशकाला जास्त छापण्याचा मोह होतो, हे मान्यच करायला हवं.

तरीही सोलापूरच्या माणसाने ओपन ॲक्सेसला नाक मुरडावं, याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटतं. वर्गणीच्या जर्नलमधला एक निबंध सुटा विकत घ्यायचा तर तीस-चाळीस डॉलर पडतात. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात सोय असेल. सांगोल्याच्या ज्या बागायतदाराची बाग तेल्या रोगाने झडली, त्याच्या कृषी पदवीधर मुलाने काय करायचं? त्याच्या मदतीला येतं ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं २०१३ चं खुलं धोरण आणि परिषदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारं ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस’. पंढरपुरात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचीही हीच गत.

इथे लगेच कुणीतरी म्हणतं, ‘आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, सगळं खुलं झालं.’ झालेलं नाही. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून सरकारने तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स घेतली, ती केंद्र आणि राज्यांच्या सरकारी संस्थांतल्या लोकांसाठी. आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला ती दिसतील. सांगोल्याचा तो मुलगा बाहेरच.

आणखी काही गोष्टी उरकून टाकतो. आयएसएसएन म्हणजे सरकारी मान्यता नव्हे. तो नियतकालिकाचा निव्वळ ओळख क्रमांक आहे. निबंध फुकट देणारं सायहब हे संकेतस्थळ म्हणजे ओपन ॲक्सेस नव्हे. तिथे प्रकाशकांची परवानगी नसते, आणि दिल्ली उच्च न्यायालयात त्यावर २०२० पासून खटला आहे. खुला निबंध नाव न देता उचलायला मोकळा असतो, हाही भ्रमच. बहुतेक परवान्यांत लेखकाला श्रेय देण्याची अट असते. आणि निबंध छापल्याशिवाय प्रबंध देताच येत नाही, हे तर यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकलं. विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, ते मात्र विचारून घ्या.

जर्नल कसं पारखायचं, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी: वर सांगितलेल्या डिरेक्टरीत नाव शोधा. संपादक मंडळातल्या दोघांना मेल करून बघा. आपण त्या मंडळावर आहोत हेच कधीकधी त्यांना ठाऊक नसतं. जुन्या अंकातले दोन निबंध सलग वाचून काढा. आणि ‘तीन दिवसांत पब्लिश, सर्टिफिकेटसह’ असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तर नंबर ब्लॉक करा.