‘मी’ सांगता सांगता ‘आपण’ : स्वतःची गोष्ट दुसऱ्यापर्यंत कशी पोचते?



जामसंड्यात तत्त्वज्ञानावर बोलायचं म्हटलं तर लोक विचारतात, “सर, सोप्पं काहीतरी बोला.” म्हणून आज वरवर अगदी सोपा वाटणारा विषय घेतला आहे. माणूस स्वतःची गोष्ट लिहितो, आणि ज्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही असा दुसरा माणूस ती वाचून म्हणतो, “अरे, ही तर माझीच गोष्ट!” हे घडतं कसं? आणि घडवायचं असेल तर लिहिणाऱ्यानं काय करावं, काय टाळावं? अलीकडे आपल्यातले बरेच जण काही ना काही लिहितात. स्मरणिकेसाठी, गावाच्या उत्सवाच्या अंकासाठी, नातवंडांसाठी. त्या सगळ्यांच्या उपयोगाचा हा प्रश्न आहे.

एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. कोकणातल्या एका गरीब घरातल्या आईच्या आठवणी. पण हे पुस्तक वाचून विदर्भातला वाचक रडला, खानदेशातला रडला, ज्यानं समुद्र पाहिला नाही तोही रडला. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आता शांतपणे विचार करा. आई दुसऱ्याची, घर दुसऱ्याचं, दारिद्र्य दुसऱ्याचं. मग डोळ्यांत पाणी आपल्या का?

“भावना सगळ्यांच्या सारख्याच असतात म्हणून,” असं उत्तर कुणी देईल. ते पुरत नाही. भावना सारख्या असूनही शंभरातल्या नव्वद आत्मकथा आपल्याला कंटाळा आणतात. प्रवासात शेजारी बसलेला गृहस्थ आपल्या आजारपणाची हकिकत सांगू लागला की आपण खिडकीबाहेर बघतो. वेदना त्याचीही खरीच असते, नाही का? म्हणजे खरेपणा हवा, पण तेवढ्यानं काम होत नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर चर्चा करताना भट्टनायकानं ‘साधारणीकरण’ ही कल्पना मांडली, आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तानं ती आणखी पुढे नेली. त्याचं उदाहरण शाकुंतलातलं आहे. दुष्यंताच्या बाणापुढे हरीण जिवाच्या आकांतानं पळतं. प्रेक्षकाला भीती जाणवते. पण “मी घाबरलो” असं त्याला वाटत नाही, आणि “ते हरीण घाबरलंय, मला काय त्याचं” असंही वाटत नाही. ती भीती कुणा एकाची राहत नाही, काळ आणि स्थळ यांच्या बेड्यांतून ती सुटते. मग ती सर्वांच्या मालकीची होते.

अभिनवगुप्त पुढे रसाच्या आड येणारी विघ्नं सांगतो. त्यातली दोन आपल्या कामाची आहेत. एक म्हणजे, ‘हे माझं’, ‘हे त्याचं’ या भानात अडकून पडणं. दुसरं म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. त्यानं ही विघ्नं प्रेक्षकाच्या बाजूनं सांगितली. आम्हाला वाटतं, ती लिहिणाऱ्यालाही तंतोतंत लागू पडतात. आजारपण सांगणारा शेजारी नेमका तिथेच अडकलेला असतो. त्याच्या दुःखात त्यानं दुसऱ्याला बसायला जागाच ठेवलेली नसते.

मग जागा ठेवायची कशी? मराठीतल्या चांगल्या आत्मकथनांकडे पाहिलं तर तीन-चार वाटा दिसतात.

पहिली वाट तपशिलाची. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळवायला १८५७ साली उत्तरेत गेले, आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यातही अडकले. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. पुढे त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला, आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो प्रसिद्ध केला. भटजींनी इतिहास लिहायचा आव आणला नाही. कुठे राहिलो, काय खाल्लं, किती घाबरलो, हे सांगितलं. म्हणूनच मोठमोठ्या बखरींत जो माणूस सापडत नाही, तो त्यांच्याकडे सापडतो.

हे जरा उलटं वाटेल. गोष्ट सर्वांची व्हायला हवी तर ती मोघम ठेवावी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मोघम गोष्ट कुणाचीच होत नाही. मुंबईच्या चाकरमान्याचं जुनं पत्र आठवा : “इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे.” हे वाक्य कुणीही कुणालाही लिहावं. त्यातून माणूस दिसत नाही. तेच त्यानं लिहिलं, “रात्रपाळीवरून आलो की आधीचा उठतो, मग त्याच्याच वळकटीवर मी पडतो,” तर आई पत्र हातात धरून बसेल. आणि आपणही.

दुसरी वाट अंतराची. साने गुरुजी ‘मी’ म्हणत नाहीत, ‘श्याम’ म्हणतात. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, १९७८ सालच्या, दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. दोघं एकच. एक जगलेला, दुसरा लिहिणारा. ही केवळ लेखनाची युक्ती नव्हे. जगलेल्या ‘मी’ला समोर बसवून त्याचं ऐकून घेण्याइतका लिहिणारा ‘मी’ दूर गेलेला आहे, हे त्यातून दिसतं. जखम ओली असताना माणूस ओरडतो, सांगत नाही. ओरडणं चूक नाही, पण त्याला वाचक लागत नाही, जवळचा माणूस लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांकडे हे अंतर विनोदातून येतं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात आली. माहेरचं कमालीचं सोवळं, रेव्हरंड टिळकांचं धर्मांतर, ताटातूट, दारिद्र्य. रडगाणं गायला काय कमी होतं? पण बाई स्वतःकडे असं बघतात की जणू शेजारच्या घरातली एक वेंधळी पोर आहे. आपण हसतो, आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

तिसरी वाट प्रश्नाची. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिननं आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये लहानपणीची एक चोरी सांगितली. पोरांनी रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली आणि बरीचशी डुकरांपुढे टाकली. बस्स, एवढंच. देवगड-जामसंड्यात आंबे न चोरलेला माणूस दाखवा! मग ऑगस्टिनची चोरी तत्त्वज्ञानाच्या वर्गात का शिकवतात? कारण तो तिथे थांबत नाही. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, मग मी चोरली का? एकटा असतो तर चोरली असती का? या प्रश्नानं तो स्वतःला सोडत नाही. घटना त्याची असते, प्रश्न मात्र आपल्याला येऊन चिकटतो. ज्या आठवणीत लिहिणाऱ्यालाच काही कोडं उरलेलं नाही, ती वाचकाला फक्त माहिती देते.

चौथी वाट ‘आम्ही’ची. दोन पुस्तकांची नावं बघा. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१०. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, १९८६. एक न्यायमूर्तींच्या घरातली, दुसरी फलटणला छोटं दुकान चालवणारी महार समाजातली बाई. अंतर केवढं! पण दोघींच्याही नावात ‘माझं’ नाही, ‘आमचं’ आहे. रमाबाईंच्या ‘आमच्या’त पती आहेत. बेबीताईंच्या ‘आमुचं’मध्ये सगळा महारवाडा आहे. रमाबाईंना लिहा-वाचायला शिकताना घरातल्याच बायकांचे टोमणे खावे लागले. बेबीताईंनी तर कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. दोघींचं ‘आम्ही’ फुकट मिळालेलं नाही. जे आपलं ‘मी’च कुणी ऐकत नाही अशा जागी उभे असतात, त्यांना ‘आम्ही’चा अर्थ जास्त कळतो.

इथपर्यंत ठीक. पण इथेच खरा पेच सुरू होतो, आणि तो टाळून व्याख्यान संपवणं बरं नव्हे. माझी गोष्ट फक्त माझी कधीच नसते. तिच्यात आई असते, भाऊ असतो, नवरा असतो, शेजारी असतो. त्यांना कुणी विचारलं?

आम्ही शिकवत होतो तेव्हा मुलांना घराविषयी एक पान लिहायला सांगायचो. बहुतेक जण लिहायचे, “परिस्थिती हलाखीची होती.” इकडच्याच एका मुलानं लिहिलं, “घरात छत्री एकच. ताईनं शाळा सोडली, त्या पावसाळ्यात ती मला मिळाली.” वर्ग गप्प झाला. आम्ही त्याला म्हटलं, हे ताईला वाचून दाखव. तो सुट्टीत घरी गेला, वाचून दाखवलं. ताईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “ती छत्री माका मामान दिलली, तां खंय लिवलंस?”

बघा, मुलगा खोटं बोललेला नव्हता. पण त्याच्या गोष्टीत ताई ही त्यागाची मूर्ती होती. तिच्या स्वतःच्या गोष्टीत ती छत्री हरवलेली मुलगी होती. पहिल्या गोष्टीनं आपल्याला गहिवरून येतं. दुसरी ऐकली की मान खाली जाते. त्यानं ते वाक्य पानात घातलं, आणि ते पान पूर्ण झालं.

सगळे प्रसंग इतके सरळ सुटत नाहीत. ‘बलुतं’ आल्यावर आपल्याच समाजातली काही माणसं दुखावली, की आमचं उघडं जिणं चव्हाट्यावर का मांडलं? १९९० साली सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं, तेव्हा पु. ल. हयात होते. अनेक चाहत्यांना आपलं दैवत घरात कसं वागतं हे वाचवलं नाही. म्हणून सुनीताबाईंनी गप्प बसायला हवं होतं का? आम्हाला तसं वाटत नाही. गप्प बसण्याचीही किंमत असते, आणि ती बहुधा घरातल्या दुबळ्या माणसानं चुकवलेली असते. बेबीताई गप्प राहिल्या असत्या तर कुणाची अब्रू वाचली असती, आणि कुणाचं जिणं अंधारात राहिलं असतं, याचा हिशेब करून बघा.

तेव्हा “दुसऱ्याविषयी लिहूच नका” हा नियम होऊ शकत नाही, आणि “खरं आहे ना, मग लिहा” हाही नाही. त्याऐवजी लिहून झाल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असं आम्ही सुचवतो. पहिला : या पानावर माझ्यापेक्षा दुबळं कोण आहे, आणि त्याला बोलायला जागा आहे का? दुसरा : यात मी जसा दिसतो, तसा दिसावा म्हणून मी कुणाला लहान केलं आहे का? तिसरा : ज्याच्याविषयी लिहिलं, त्यानं उद्या समोर बसून हे वाचलं, तर त्याच्या नजरेला नजर देऊन “होय, मी लिहिलं” असं मला म्हणता येईल का? तो रागावेल की नाही हा प्रश्न वेगळा. सुनीताबाईंना किंवा दया पवारांना तसं म्हणता आलं असतं, असं त्यांची पुस्तकं वाचून वाटतं.

आपल्या मुलखात गजाली रंगतात त्या याच तत्त्वावर. पारावर सांगणारा मीठमसाला लावतो, पण ऐकणाऱ्यांत ती माणसं किंवा त्यांची मुलं बसलेली असतात. कुणीतरी मध्येच तोडतं, “नाय रे, तसां न्हवता.” गोष्ट दुरुस्त होते आणि पुढे जाते. कागदावर लिहिताना मध्येच तोडणारा तो माणूस समोर नसतो. त्याला मनात बसवून घ्यावं लागतं.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणी स्वतःचं लिहिलेलं पान आणलं असेल तर तेही वाचू, फक्त ज्याच्याविषयी लिहिलंय तो सभागृहात नाही ना, एवढं आधी बघून घ्या. आणि असला तर फारच उत्तम, पहिलं पान तेच घेऊ.